वैजयंताला आलेलं मुभेचं पत्र

कुणी मागितल्यापेक्षा जास्त दिलं की माझा हात आधी त्याच्या काट्याकडे जातो. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षकाची नोकरी केली. वाई, कोरेगाव, फलटण आणि शेवटची नऊ वर्षं कऱ्हाड. त्या नोकरीत शिकलो ते एवढंच, की कमी मोजणारा दुकानदार लवकर सापडतो. खरा बेरकी तो, जो तुमच्यासमोर मूठभर शेंगदाणे वरून टाकतो. तुम्ही खूश होऊन मुठीकडे बघत राहता, आणि पारड्याच्या बुडाला चिकटवलेला चिंचेचा गोळा जागच्या जागी राहतो.

लोक म्हणतात, फडतरे संशयी आहे. आहेच. माझी बायको वैजयंता तर पाहुण्यांना सांगते, "देवळात तीर्थ दिलं तरी हे पळी किती मिलिलिटरची ते बघतील." पाहुणे हसतात. मीही हसतो, पण पळी बघायची सोडत नाही.

तर २०४१ च्या मार्च महिन्यात वैजयंताला आरोग्य विम्याचं पत्र आलं.

दरवर्षी मार्चचे शेवटचे पंधरा दिवस 'निवड पंधरवडा' असतो. आमच्या कंपनीच्या दोनच योजना, छत्र आणि मुभा. छत्रात सगळा खर्च कंपनीचा, पण डॉक्टर कंपनी सांगेल तो, हॉस्पिटल कंपनी सांगेल ते, आणि साधी सोनोग्राफी करायची तरी आधी परवानगी. मुभेत डॉक्टर आपल्या पसंतीचा, तपासणीला कुणाला विचारायचं नाही, पण मोठा आजार झाला तर तिसरा हिस्सा आपल्या खिशातला. एकदा निवड केली की तीन वर्षं बदलता येत नाही. आम्ही दोघं सहा वर्षं छत्रात होतो. तीन वर्षांची दुसरी मुदत याच महिन्यात संपत होती.

वैजयंताला छत्र कधीच आवडलं नव्हतं. आमचे जुने डॉक्टर शकील मुल्ला छत्राच्या यादीत नव्हते. त्यांच्याऐवजी पडद्यावर एक गोरागोमटा डॉक्टर यायचा, आणि तिने गुडघा दुखतो म्हटलं की तो गुडघ्याचं चित्र दाखवायचा. "मला माझा गुडघा माहीत आहे की. त्याला हात कोण लावणार?" असं ती पडदा बंद झाल्यावर म्हणायची.

आता तिच्या पत्रात लिहिलं होतं की, आपण मुभेत आलात तर हप्ता निम्मा, पहिल्या वर्षी तपासण्या मोफत, आणि आपले पूर्वीचे डॉक्टर श. मुल्ला आपल्या सेवेला हजर असतील. पत्राच्या शेवटी तिच्या वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा होत्या.

माझ्या पत्रात दोन ओळी होत्या. आपण छत्राचे सभासद आहात. असेच राहावे.

"बघा," वैजयंता म्हणाली, "कुणालातरी माझी किंमत कळली."

मला तिथेच कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं.

*

आमच्या वरच्या मजल्यावर पल्लवी खोत राहते. कंपनीची सल्लागार आहे, स्वभावाने गोड. ती त्याच संध्याकाळी खाली आली, वैजयंताने दिलेली कोथिंबीर वडी हातात घेतली आणि म्हणाली, "काकू, यंदा तुम्हाला लॉटरीच लागली की."

"आणि मला?" मी विचारलं.

"तुमचं आहे तसंच काका."

"एका घरात राहतो, एका कढईतलं खातो. ही बासष्टची, मी सदुसष्टचा. मग हिला खिरापत आणि मला ठेंगा का?"

"ते सिस्टीम ठरवते काका. कुणाला काय द्यायचं ते माणूस बघतच नाही."

"माणूस बघत नसला तर मग कोण काय बघून ठरवतं?"

पल्लवीने वडी संपवली. "खरं सांगू का? मलाही माहीत नाही. आम्हाला फक्त यादी येते. ज्यांना हे पत्र गेलंय त्यांना भेटा, एवढंच." मग ती वैजयंताकडे वळली. "काकू, घेऊन टाका. ३१ मार्च संध्याकाळी सहापर्यंत मुदत आहे."

वैजयंता तिथेच पडद्यावर अंगठा टेकवायला निघाली होती. मी म्हटलं, "मुदत आहे ना अजून? मग पंधरा दिवस थांब." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की पल्लवीलाच अवघडल्यासारखं झालं.

*

प्रीतिसंगमावर आमचा कट्टा जमतो. कृष्णा-कोयनेच्या संगमावर बसून निवृत्त माणसं एकमेकांना औषधांची नावं सांगतात. मी तिथे चौकशी लावली. गेल्या दोन वर्षांत कुणाकुणाला असं गोड पत्र आलं होतं? लोकांना वाटलं मला हेवा वाटतोय, म्हणून त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. मग मी विद्यानगरातल्या तीन सोसायट्या पायाखाली घातल्या. पूर्वी तपासणीला जायचो तसाच, खिशात वही घेऊन.

गोड पत्र आलेली नऊ माणसं सापडली. त्यातल्या सहाजणांना वर्षाच्या आत मोठं दुखणं निघालं. सोनवण्यांचं बायपास, शेडगे मास्तरांचं मूत्रपिंड, एका बाईंच्या छातीतली गाठ. साधं पत्र आलेली तेवीस माणसं होती. त्यातला एकच आजारी पडला, आणि तोही स्कूटरवरून पडून.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. इथे तर अर्धं पातेलं माझ्यासमोर होतं. मी वही मिटली आणि डॉ. मुल्लांकडे गेलो, पेशंट म्हणून नाही, ओळखीचा म्हणून.

मुल्लांचा दवाखाना जुना आहे. बाकावर पेशंट होते, म्हणून त्यांनी मला थांबवून घेतलं आणि शेवटी आत बोलावलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या मनगटावरच्या कड्यावर बोट ठेवलं.

हे कडं कंपनी देते. काळं, रबरी, पाठीमागे केसाहून बारीक सुया, ज्या टोचलेल्या कळतही नाहीत. सगळ्यांच्या हातात असतं, पण ते नक्की काय करतं हे मी कधी कुणाला नीट विचारलं नव्हतं.

"तुमच्या भाषेत सांगतो," मुल्ला म्हणाले. "शरीरातल्या पेशी रोज मरतात. मरताना त्यांच्यातल्या डीएनएचे तुकडे बाहेर पडतात, रक्तात येतात, कातडीखालच्या पाण्यात येतात. डीएनए सगळ्या पेशींत एकच, पण प्रत्येक अवयव त्यावर आपला रासायनिक शिक्का मारतो. यकृताचा वेगळा, हृदयाचा वेगळा. तुम्ही वजनावर शिक्का मारायचा ना, कुठल्या कार्यालयाचा आणि कुठल्या वर्षाचा ते त्यावरून कळायचं, तसं. कडं रोज पहाटे एक थेंब ओढतं आणि कुठले शिक्के जास्त आलेत ते मोजतं. एखाद्या अवयवाचे तुकडे चार-पाच दिवस ओळीने निरोगी माणसापेक्षा जास्त आले, की त्या अवयवात काहीतरी बिघडतंय. माणसाला काही जाणवायच्या दोन-तीन वर्षं आधी हे कळतं."

"मग माणसाला सांगत का नाहीत?"

"कायदा आहे. भाकीत म्हणजे निदान नव्हे, लोक घाबरून तपासण्यांना रांगा लावतील, म्हणून लक्षण दिसेपर्यंत ग्राहकाला सांगायचं नाही. कंपनीतल्या माणसालाही बघायचं नाही. त्यावरून कुणाला विमा नाकारायचा नाही, हप्ता वाढवायचा नाही. आकडे कुलूपबंद. पुढच्या वर्षी किती खाटा लागतील त्याचा अंदाज काढायला तेवढे वापरायचे."

"कुलूप कुणाकडे आहे?"

मुल्ला हसले. "सिस्टीमकडे. आणि पत्रंही तीच लिहिते. तिला कुणी वाईट शिकवलेलं नसणार, फडतरे साहेब. ग्राहक खूश ठेव आणि खर्च कमी कर, एवढंच सांगितलं असणार. छत्रात माणूस आजारी पडला की सगळा खर्च कंपनीचा. मुभेत तिसरा भाग माणसाचा. मग जो आजारी पडणार त्याला गोड बोलून मुभेत पाठवायचं, हे तिचं तिने शोधून काढलं असेल. हप्ता वाढवला नाही, उलट कमीच केला. कायदा कुठे मोडला?"

त्यांनाही माझ्या घरात कुणाला पत्र आलंय ते माहीत होतं.

"पण हा सगळा तुमचा-माझा अंदाज," ते म्हणाले. "वहिनी ठणठणीत असतील. नऊ माणसांवर काही सिद्ध होत नाही."

आज हे सगळ्यांना माहीत झालंय. आता स्थळ बघायला आलेली माणसं चहा पिता पिता हळूच विचारतात, मुलाला मुभेचं पत्र वगैरे नाही ना आलेलं? पण त्या मार्चमध्ये हे फक्त मला आणि मुल्लांना सुचलं होतं, आणि मला पुरावा हवा होता.

*

तराजू खोटा आहे का हे बघायची एक जुनी रीत आहे. माल डाव्या पारड्यात, वजन उजव्या पारड्यात ठेवून तोला. मग दोन्हींची अदलाबदल करा. काटा खरा असेल तर तसाच उभा राहील. खोट दांडीत असेल तर ती जागेवर राहते, खोट मालात असेल तर ती मालाबरोबर हलते. यंत्रं इलेक्ट्रॉनिक झाली तरी मी ही रीत सोडली नव्हती.

गोड पत्र वैजयंताच्या नावामुळे आलं की वैजयंताच्या रक्तामुळे? ती पडद्यावरच्या डॉक्टरची तक्रार करायची, म्हणून कंपनीने तिला चुचकारलं असेल, असंही होऊ शकत होतं. मी मनातून तेच मागत होतो. कडी बदलली तर कळणार होतं. नावं तीच राहतील, रक्त बदलेल. पंधरवड्यात दर सोमवारी पत्र त्या आठवड्याच्या आकड्यांवरून ताजं होऊन येतं. दुसऱ्या सोमवारी गोड पत्र वैजयंताच्याच नावाने आलं, तर बायकोला काही नाही. ते माझ्या नावाने आलं, तर खोट मालाबरोबर हलली.

कडं माणूस ओळखत नाही. त्याने माणसाची ओळख साठवायची नाही, हाही कायदाच. मनगट गरम असलं की त्याला पुरे.

मंगळवारी सकाळी वैजयंताने कडं फळीवर काढून ठेवलं आणि ती अंघोळीला गेली. मी भिंग घेऊन दोन्ही कड्यांच्या आतले क्रमांक वहीत उतरवले. माझ्या हातातलं ९०२ ने संपत होतं, तिचं ४१७ ने. मग माझं तिथे ठेवलं, तिचं मी घातलं. अंघोळ करून ती आली आणि फळीवरचं कडं घालून देवाची पूजा करायला बसली. चोरी करून घरात बसल्यासारखं मला दिवसभर वाटत होतं.

त्या सहा दिवसांत मी तिला न्याहाळत होतो. जिना चढताना ती मध्ये थांबली का? भाकरी थापताना हात लवकर थकला का? ती एकदा पाणी जास्त प्यायली तर मी वेळ लिहून ठेवली. "आज काय टक लावून बसलाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, सहज.

सोमवारी दुपारी बारा वाजता पत्रं आली.

वैजयंताचं दोन ओळींचं. आपण छत्राच्या सभासद आहात. असेच राहावे.

माझं पानभर. हप्ता निम्मा, तपासण्या मोफत, डॉ. मुल्ला, आणि माझ्या वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा.

वैजयंता भाजी आणायला गेली होती. मी खुर्चीत बसून राहिलो. आयुष्यभर खोटे काटे पकडले आणि पकडल्यावर दरवेळी बरं वाटलं. त्या दिवशी वाटलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात मी या बाईला कधी धड सांगितलंसुद्धा नव्हतं की ती नसेल तर मला चहाची भुकटी कुठल्या डब्यात असते तेही माहीत नाही. मला रडू आलं, आणि मी एकटा होतो म्हणून रडून घेतलं.

मग डोकं चालायला लागलं. कंपनीला वैजयंता मुभेत हवी आहे, म्हणजे तिला छत्रातच ठेवायचं. उद्या काही निघालं तर शेवटपर्यंत सगळं कंपनीच्या गळ्यात. पण छत्रात लक्षणाशिवाय तपासणी नाही, आणि तपासणी तर लगेच व्हायला हवी. ती मुल्लांकडे स्वतःच्या खर्चाने करायची. त्यासाठी माझा हप्ता निम्मा झाला तर बरंच. आणि माझा हप्ता निम्मा करायला कंपनी आपणहून तयार होती. आजाऱ्यासाठी लावलेल्या सापळ्यात धडधाकट माणूस शिरला, तर नुकसान सापळा लावणाऱ्याचंच.

माझ्या तब्येतीची मला काळजी नव्हती. वीस वर्षं सिगारेट ओढली ती केव्हाच सोडली होती. छत्रातली, कड्यावर रोज पाच हजार पावलं भरायची अट मी कधी पाळली नाही. गेल्या वर्षी त्यांनी दोन ताकिदी पाठवल्या, मी दाद दिली नाही, मग आपोआप गप्प बसले.

बारा चाळीसला मी पडद्यावर अंगठा टेकवला. मुभा, हणमंत फडतरे, तीन वर्षं. कंपनीला फसवल्याचा थोडा आनंदही झाला, त्या अवस्थेतसुद्धा.

*

संध्याकाळी वैजयंताला म्हटलं, "उद्या मुल्लांकडे जाऊ. तुझ्या चार तपासण्या करून घेऊ."

"मला काय झालंय?"

"काही नाही. वय झालं."

"वय तुमचं जास्त झालंय." तिने गवारीच्या शेंगा मोडायच्या थांबवल्या. "आठ दिवस बघतेय मी. चोरासारखे माझ्याकडे बघता. आज डोळे सुजलेत. काय ते नीट सांगा."

मी सांगितलं. नऊ माणसं, तेवीस माणसं, मुल्लांचे शिक्के, कड्यांची अदलाबदल, दुपारचं पत्र. मी मुभा घेतली तेही सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती घाबरेल. ती कसला तरी हिशेब जुळवत असल्यासारखी दिसत होती.

"कडी कधी बदलली म्हणालात?"

"गेल्या मंगळवारी. तू अंघोळीला गेलीस तेव्हा."

"त्याच्या आधी कुणाचं कडं कुणाच्या हातात होतं?"

"हा काय प्रश्न झाला? ज्याचं त्याच्या हातात."

ती खाली बघायला लागली. "गेल्या वर्षी तुम्हाला ताकिदी आल्या, आठवतंय? तिसरी आली असती तर छत्रातून काढलं असतं. तुम्ही काही चालणार नव्हतात. सांगायला गेलं तर भांडण. संध्याकाळी कट्ट्यावर जाताना तुम्ही कडं चार्जिंगला लावून जाता. मी ते घालून चालायला जायचे. एका हातात माझं, एका हातात तुमचं."

"रोज?"

"रोज. परत आले की फळीवर ठेवायचे. आणि दिवाळीत फळी पुसायला काढली तेव्हा दोन्ही कडी खाटेवर पडलेली. कुठलं कुणाचं ते कळेना. म्हटलं, दोन्ही सारखीच तर आहेत. ठेवलं एक तुमच्या जागेवर."

मी उठलो. कपाटात कड्यांचे डबे होते आणि डब्यात कंपनीची प्रमाणपत्रं. कुठल्याही दुकानात शिरलो की मी पहिलं काम करायचो ते हेच. काट्यावरचा क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून बघायचा, मग पुढचं सगळं. एकतीस वर्षांत ते एकदाही चुकलं नाही. घरात मात्र मी मनगटं बघून क्रमांक उतरवले होते.

प्रमाणपत्रावर लिहिलं होतं: हणमंत फडतरे, क्रमांक ४१७ ने संपणारा.

दिवाळीपासून मी वैजयंताच्या नावाचं कडं घालून फिरत होतो. तिच्या नावाने आलेलं पहिलं गोड पत्र माझ्या रक्ताचं होतं. मी कडी बदलली तेव्हा ज्याचं कडं त्याच्या हातात आलं, आणि पत्र बरोबर माझ्या नावाने आलं.

खरं सांगतो, आधी मला हायसं वाटलं. वैजयंताला काही नव्हतं. मी हसलोसुद्धा. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काहीतरी मला होणार आहे, आणि मी आज दुपारीच छत्र सोडून आलोय.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," ती म्हणाली, पण आवाजात राग नव्हता.

मी पल्लवीला वर जाऊन भेटलो. निवड मागे घेता येईल का? ती म्हणाली, "काका, अंगठा लागला की तीन वर्षं. चुकून झाली असं लिहून देता येतं, पण मग ते कारण विचारतात आणि कडी तपासतात." कडी तपासली तर अदलाबदल उघड होऊन दोघांचेही विमे रद्द झाले असते. मी म्हटलं, काही नाही, सहज विचारलं.

जिना उतरताना मी एकेका पायरीवर थांबलो. दम लागला होता असं नाही. नुसतंच थांबलो.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही मुल्लांकडे गेलो. मुभेत असल्यामुळे कुणाला काही विचारावं लागलं नाही. वय सदुसष्ट, पूर्वी सिगारेट, तक्रार कुठलीच नाही. मुल्लांनी छाती ऐकली, रक्त घेतलं आणि मग पोटावर गार जेली लावून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. बेंबीच्या वर ते थांबले. परत फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना, आणि न कळण्याची मला सवय नव्हती.

"छत्रात असतो तर हे केव्हा बघितलं असतं?" मी पडल्या पडल्या विचारलं.

"लक्षण दिसल्यावर."

"आणि लक्षण काय असतं?"

मुल्ला यंत्र पुसत होते. "कधी कधी याचं पहिलं लक्षण हेच शेवटचं असतं."

"म्हणजे कंपनीने माझं भलं केलं?"

"कंपनीला तुमच्या बिलाचा तिसरा हिस्सा तुमच्याकडून हवा होता. बाकीचं भलं तिला कळत नाही." ते उठले. "शर्ट घाला. मी वहिनींशी बोलतो."

मी ताडकन उठून बसलो. "माझ्याशी का नाही?"

"तुमच्याशीही बोलणार आहे. पण तुम्ही शंभर प्रश्न विचाराल, आणि मला आधी मिरजेला फोन करायचाय."

पडद्यापलीकडे त्यांचं बोलणं सुरू झालं. हळू आवाजात. मी बटणं लावत कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. पडद्याच्या फटीतून मुल्ला वैजयंताला पाणी देताना दिसले. एरवी पेशंटला तीन मिनिटांत बाहेर काढणारा माणूस तिच्यासाठी खुर्ची ओढत होता. माझ्या मनात लगेच आलं की, ठरवतायत दोघं. मला किती सांगायचं आणि किती नाही ते ठरवतायत. हिला लपवता येतं. आठ महिने हिने मला पत्ता लागू दिला नाही.

मग मुल्ला फोन घेऊन आतल्या खोलीत गेले आणि वैजयंता माझ्याकडे आली. हातात दुमडलेला कागद होता. ती माझ्या शेजारी तपासणीच्या खाटेवर बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"पोटातली मोठी धमनी फुगलीय," ती म्हणाली. "पाच पूर्णांक आठ सेंटिमीटर. साडेपाचच्या पुढे ठेवत नाहीत. फुटली तर हॉस्पिटलात पोचत नाही माणूस. महिन्याच्या आत मिरजेला ऑपरेशन करायचं. शंभरात तीन-चार माणसं ऑपरेशनमधून उठत नाहीत, बाकीची उठतात. तिसरा हिस्सा आपल्याला भरायला लागेल, त्याचं मी बघते. एवढंच सांगितलं त्यांनी. यातलं मी काही कमी केलं नाही आणि काही वाढवलं नाही."

तिने कागद दोघांच्या मध्ये खाटेवर ठेवला.

मला भीती वाटत होती. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, मलाही वाटतेय.

कागद माझ्या हाताशी होता. चष्मा खिशात होता. मी तो उघडून वाचला नाही.